हळद, दोनशे चौदा क्लिप

खाली आडत्याचं गोदाम, वर माझी खोली.
सांगलीच्या मार्केट यार्डात सौदे सुरू झाले
की कीबोर्डची बटणं पिवळी पडतात,
पुसून पुसून 'एस'चं अक्षर गेलंय.
खाली हळद म्हणजे राजापुरी, पोती, लॉट नंबर.
वर हळद म्हणजे एक फोल्डर, दोनशे चौदा क्लिप,
निम्म्यांत कॅमेरा पोरीच्या कोपरावर
फोकस शोधत बसलाय.

मगदुमांचं लग्न. तीन कॅमेरे, एक ड्रोन,
सगळ्यांची घड्याळं वेगळी.
एका कॅमेऱ्यात मुहूर्त लागून गेलाय,
दुसऱ्यात नवरा अजून दाढी करतोय.
टाळ्यांच्या आवाजावर मी सगळ्यांना एका रेषेत आणलं,
रंग लावले: विधी निळा, पंगत हिरवी, पाहुणे करडे,
आणि ज्यात कुणीच धड दिसत नाही
त्या फोल्डरचं नाव 'बारदान'.

मग आदगोंडा मगदूम जिना चढून आले.
बसले नाहीत.
"सगळं चांगलंय. फक्त धाकट्याला काढ."
"कुठनं?"
"सगळीकडनं. वाटणी झाली आमची."

भूपाल मगदूम, पोरीचा चुलता.
शोधायला गेलो तर प्रत्येक ट्रॅकवर.
मांडवाची दोरी ओढताना, जनरेटरला लाथ घालताना,
वाढप्याच्या हातनं बुंदीचा झारा काढून घेताना.
जिथं दिसत नाही तिथं त्याचा आवाज:
"चिकोडीची मंडळी जेवली का रं?"
चित्राची आणि आवाजाची गाठ सोडवली,
आवाज पुसला, तर सनईला भोक पडलं.

एक क्लिप काढली की मागची सगळी पुढं सरकतात.
चार वेळा त्याला काढला
आणि पाठवणी अक्षतांच्या आधी आली,
न लागलेल्या लग्नात आई रडत राहिली.

सगळ्यात अवघड अंतरपाट.
एक टोक उपाध्यांकडं, दुसरं भूपालकडं.
त्याला कापावा तर कापड हवेत.
झूम करत गेलो, एकशे चाळीस टक्के, एकशे साठ,
नवरानवरी फुटायला लागली तसा थांबलो.
चौकटीत उरली चार बोटं
आणि काच तडकलेलं घड्याळ.
बारा सत्तावीस.
माझ्या तिन्ही कॅमेऱ्यांपेक्षा त्याची वेळ बरोबर.

मंगळवारी ते परत आले. या वेळी बसले.
अंतरपाटाशी म्हणाले, "थांब. मागं घे."
मागं घेतलं.
"अजून मागं."
"घड्याळ आमच्या आप्पांचं," म्हणाले,
"वाटणीत कुणी धरलंच नव्हतं."
खाली हमालानं पोतं आपटलं,
स्क्रीनवर पिवळा धुरळा बसला.
"हात राहू दे,"
आणि खिशातले पैसे मोजायला लागले.

त्या हाताला फोल्डर नाही.
विधीत घालू की बारदानात, ठरेना.
अजून तसाच आहे, 'सिक्वेन्स एक कॉपी कॉपी'मध्ये.
अक्षर गेलेलं बटण
मी मधनंच दाबून येतो.