वहीतले आकडे

सोहारच्या एका शाळेनं भंगारात काढलेली ही मिलिंग मशीन
ट्रकमधून उतरवली, तेव्हा टेबलाच्या कडेला
कुणा पोरानं खिळ्यानं कोरलेलं नाव होतं, अरबीत.
गंज काढला, रंग काढला.
ते नाव घासलं नाही.

आता तिला तीन सर्व्हो मोटरी आहेत.
गॅरेजमध्ये रात्री साडेअकराला सदतीस अंश,
दिवसाचं बोलायलाच नको,
दिवसा स्लाइडवरच्या ऑइलचं पाणी होतं इथं,
आणि दिवसा जुळवलेला आकडा रात्री खोटा पडतो.
म्हणून मी रात्रीच बसतो, बनियनवर,
लॅपटॉपखाली दोन विटा, मांडीवर वही.

वहीत आहे:
पी बारा. आळशी.
हुकूम गेल्यावर टेबल विचार करून उठतं,
तालुक्याच्या कचेरीतल्या कारकुनासारखं.
पी तीस. बरं.
पी पंचेचाळीस. उभ्या जागी शीळ घालते मोटर,
थांबलीय, पण थांबलेली नाही,
जरा इकडे, जरा तिकडे,
डायलची सुई दोन मायक्रॉनांत कापत राहते
हुडहुडी भरलेल्या बोटासारखी.
भिंतीपलीकडे वासंती कूस बदलते.
सकाळी चहा ठेवताना विचारते,
"काल चाळीसच्या वर गेलात ना?"

गुरुवारी परकार आला. श्रीवर्धनचा,
बंदरावर क्रेन चालवतो, बाप मचव्यावर तांडेल होता.
त्याला सगळं समजावलं:
जितकी चूक तितका जोर, हा पी.
जुनी राहिलेली बाकी साठवून फेडतो, तो आय.
आणि डी...
डीपाशी मी अडखळलो.
बशीतला चहा संपवून तो म्हणाला,
"बाबा सांगायचे, धक्क्याला आपटल्यावर
इंजिन बंद करतो तो तांडेल नाही.
धक्का नुसता दिसायला लागला, की हात सैल सोडायचा."
मी डी वाढवला. थोडाच.
शीळ खाली उतरली.
गेली मात्र नाही.

चार रात्री अशाच.
पाचव्या रात्री वैतागून मेन स्विच पाडला
आणि बॉल स्क्रू हातानं फिरवला, डोळे मिटून,
शिरोलीला इंगवले मेस्त्री फिरवायचे तसा.
"आधी हात, मग डोळा, मग गेज,"
आणि गेज आधी उचललं तर पाठीत धपाटा.
हाताला लागलं लगेच:
कपलिंगमध्ये एक कुरकूर,
ग्रब स्क्रू अर्धा आटा सैल.
चार रात्री मी आकड्यांवर आळ घेत होतो.
ॲलन की, पाव फेरा.
वहीतल्या चार पानांवर तिरकी रेघ मारली,
फाडली नाहीत.

मग पुन्हा पी तीसपासून. चाळीस. पन्नास.
ॲल्युमिनियमच्या तुकड्यावर साठ मिलिमीटरचं वर्तुळ कापलं.
पडद्यावर चुकीची रेघ इतकी आडवी
की मला आधी वाटलं, एन्कोडरची वायर निघाली.

तुकडा पुसून नख फिरवलं.
गुळगुळीत, गुळगुळीत, आणि एका जागी अडलं.
अशा चार जागा,
जिथं अक्ष पुढं जाता जाता मागं वळतो.
वळताना क्षणभर तो कुठंच जात नसतो,
आणि घर्षण नेमकं तिथंच पाय धरतं.
डोळ्याला काही दिसत नाही.
एकोणीस वर्षं झाली मला इथं.
या खुणेसाठीही सॉफ्टवेअरमध्ये एक आकडा असतो म्हणे.
तो उद्या बघू.

घरातला एसी खट् करून सुरू झाला,
चूक तीन काउंटांनी उडाली, पुन्हा बसली.
वहीत लिहिलं: एसी, ११.५२.
दुसरं वर्तुळ लावलं, परकारला द्यायला.

तेवढ्यात दारात वासंती,
केस विस्कटलेले, एका पायात माझी चप्पल.
"बंद केलंत का?
आवाज नाही, म्हणून जाग आली."

"चालू आहे," मी म्हटलं.
ती आत आली,
आणि शाळेतल्या त्या नावाशेजारी
सरकणाऱ्या टेबलावर तळहात ठेवून उभी राहिली.