जांभळा बटाटा

चिलोए बेटावर, मंगळवारी,
वर्गात सहाजण, पडद्यावर अकरा काळे चौकोन.
एकेकाचं नाव पुकारणं मी सोडलंय;
हजेरी लागते, पोर हाती लागत नाही.

आज म्हटलं, स्वयंपाकघरातून बटाटा आणा,
तीन सारखे भाग करा.
आणि गप्प बसले.
गप्प बसणं मला चाळिशीनंतर जमलं.

मग कुठल्याशा चौकोनातून
टक. टक.
एलिसेओचा कॅमेरा, मार्चपासून पहिल्यांदाच.
चेहरा नाही. फळी, सुरी,
आतून जांभळा बटाटा.
"सारखे नाही झाले, बाई."

बाकावरची रोसाउरा पडद्याकडे वळली,
हातात तिचे तीन वेडेवाकडे तुकडे:
"माझेपण नाहीत. तू कुठून कापलास?"

मी खडू खाली ठेवला.
मला कुणी विचारत नव्हतं.