ओळंब्यात

खांब आधी ओळंब्यात हवा.
बाकी सगळं नंतर.
पाणसळीतला बुडबुडा मधोमध येईपर्यंत
हानुसने तीनदा नट सैल केले, तीनदा आवळले.
मेंढ्या बघत होत्या.

दक्षिण होकायंत्राला विचारायची नाही,
ते थोडं खोटं बोलतं.
सूर्य सगळ्यात वर असेल तेव्हा
खांबाची सावली उत्तर दाखवते,
तिच्याकडे पाठ करायची, झालं.
फेरो बेटांवर तेवढ्या उन्हासाठी
नऊ दिवस गेले.

मग मोटर. समुद्राला जेमतेम न टेकणाऱ्या
कमानीवरून डिश घुरघुरत सरकली,
आणि खिडकीतून दुआनपेन आकडे ओरडत राहिली:
चाळीस! बासष्ट! गेलं!
आलं, आलं, हात लावू नकोस!
कोणी इटालियन बाई पीठ मळत होती,
मग एक पोलिश पाद्री,
मग कुठलातरी फुटबॉल.

अजून पूर्वेला, ती म्हणाली.
अजून.
डिशने मान टाकली.
समोर याकुपचा मेंढवाडा,
मागे डोंगर.
मोटर टक् करून थांबली.

कोराटवरचं आकाश
इथून जमिनीखाली असतं,
हे हानुसला कोष्टक बघून
पहिल्याच संध्याकाळी कळलं होतं.
तरी त्याने ऊन पडायची वाट पाहिली.

ती हात पुसत बाहेर आली.
आधी बुडबुडा बघितला.
मग डिशच्या मागे उभी राहून,
एक डोळा मिटून, बराच वेळ नेम धरला.
म्हणजे घर मेंढवाड्याच्या मागे,
ती म्हणाली,
थोडं खाली.