डबा कोण भरायचं

पाचव्या सत्राला तीन कादंबऱ्या.
पहिलीत विहीर, दुसरीत दोर,
तिसरीत नायक शेवटपर्यंत जगतो
आणि ते जास्त वाईट आहे,
असं तांडेल मॅडम म्हणाल्या, खडू झटकत,
जसं कुणी सांगावं, आज लिफ्ट बंद आहे.

मी दुसरी वाचतेय.
ग्रंथालयाची प्रत, पाठीला खाकी चिकटपट्टी,
आत आधीच्या कुणीतरी पेन्सिलीनं
अंधार आला की रेघ, अंधार आला की रेघ,
आणि समासात : प्रतीक. प्रतीक. परत प्रतीक.
एकशे त्रेचाळीसव्या पानावर मात्र दोनच शब्द,
कागद फाटेल इतके दाबून :
बास आता.
तिथून पुढं एकही खूण नाही.

कन्नमवार नगरची अभ्यासिका अकराला बंद होते.
तोवर शेजारी सीएची मुलं ताळेबंद जुळवतात,
पोलीस भरतीवाला एक जण नद्यांच्या उपनद्या पुटपुटतो,
मी त्या माणसाच्या मागं मागं
त्याच्या माळ्याच्या शिडीपर्यंत जाते
आणि एकटी परत येते.
वॉचमन एकेक ट्यूब मालवत येतो.
ताई, एवढा त्रास होतो तर दुसरा विषय घ्यायचा ना,
भूगोल वगैरे.

निमिष म्हणतो, हे सगळं बनवलेलं असतं.
फिलोमिना म्हणते, खरं असतं म्हणून तर अभ्यासाला लावतात,
नाहीतर आपण कुठं आपणहून जाणार होतो तिकडं.
मला एवढंच कळत नाही,
चारशे बारा पानांत कुणी एकदाही कसं हसत नाही?
आमच्या मजल्यावरचे खानोलकर गेले
तर तेराव्याला लाडू मोजताना
त्यांच्याच मुलीला हसू फुटलं होतं, थांबेचना.
लेखकाला हे माहीत नसेल?
की माहीत असून त्यानं ते दाराबाहेर ठेवलं,
ओल्या छत्रीसारखं?

घरी आई जागी.
पोळीभाजी केंद्रात दिवसाला तीनशे पोळ्या,
आता मनगटाला तेल चोळत बसलेली.
काय वाचतेस एवढं?
म्हटलं, एक जण असतो. नोकरी जाते त्याची.
घरी सांगत नाही. रोज डबा घेऊन निघतो,
बागेत बसतो, संध्याकाळी येतो.
आणि मग एक दिवस…
आईचा हात थांबला.
कुठल्या बिल्डिंगमधला?
अगं, कादंबरीतला.
हो, पण डबा कोण भरायचं त्याचा?

मी पुस्तक पुन्हा चाळलं.
ती एका वाक्यात आहे.
बायको आत होती.

प्रश्न तिसरा : नायकाच्या एकाकीपणाची मीमांसा करा. गुण पंधरा.
मी महानगर लिहिलं, तुटलेपण लिहिलं,
पेन्सिलवाल्याची सगळी प्रतीकं ओळीनं मांडली.
अर्धं पान उरलं, तिथं लिहिलं :
डबा रोज रिकामा परत यायचा.
घासणारीला वाटायचं, आज भाजी आवडली.

आठ मिळाले.
त्या दोन ओळींवर लाल रेघ, बाजूला 'विषयांतर'.
पण रेघ सलग नाही.
'आवडली'पाशी पेन थांबलंय बहुतेक,
शाईचा ठिपका पसरून
मागच्या पानावर उतरलाय.

पुस्तक परत करायला उशीर झाला, दंड बावीस रुपये.
काउंटरपाशी उभ्या उभ्या
'बास आता'च्या खाली मीही पेन्सिलीनं लिहिलं.
पुढं वाच.
शेवट सुधारत नाही, ते आधीच सांगते.
पण पान दोनशे सहा बघ,
बागेत तो डबा उघडतो,
काकडीची कोशिंबीर आहे,
दाण्याचं कूट घातलेली.
तिथं कुणीच रेघ मारलेली नाही.