पाणी तोडताना

वेर्चेल्लीच्या भातखाचरात
मी पारदर्शक पेटी उपडी घालते
आणि दर दहा मिनिटांनी सुईनं
चिखलाचा श्वास ओढून घेते.
छत्तीस कुप्या. झाकणांवर माझं किरटं अक्षर.

एवाझिओ बांधावरून विचारतो,
"आज किती पादलं माझं शेत?"
मी आकडा सांगते. तो टोपी सरळ करतो,
शाळेतून पोराची तक्रार यावी तसा.

उपाय प्रबंधात एका ओळीचा:
जूनमध्ये आठ दिवस पाणी तोडा.
तोडलं.
मिथेन उतरला, आलेख
शहाण्यासारखा खाली आला.

पाचव्या दिवशी भेगांपाशी
बेडूकमासे.
काहींना मागचे पाय फुटलेले,
पुढचे अजून नाहीत.
माझ्या तक्त्यात यांना रकाना नव्हता.

एवाझिओ काही बोलला नाही.
फावडं आणलं, आणि बांधालगत
हातभर खोल चर खणू लागला,
पाणी धरून ठेवील असा.
"तेवढा तांदूळ जाईल," मी म्हटलं.
"जाऊ दे. चार ओळी."

रात्री कुप्या मोजताना
खिडकीतून एकच डराव आलं, बेसूर.
मी वहीत नवा रकाना आखला.
वर काय लिहावं
ते अजून सुचलेलं नाही.