मागून आलेली

ओगुतू बाई म्हणाल्या, आधी शब्द, मग सुई.
प्रतिजन: पेशीच्या दारावरची पाटी.
प्रतिपिंड: रक्तद्रवात फिरणारा राखणदार,
परकी पाटी दिसली की तिला घट्ट धरणारा.
क्रॉसमॅच: सोयरीक ठरण्याआधी
दोन्हीकडून काढलेली माहिती.
"परीक्षेत असं लिहाल तर शून्य देईन,"
म्हणाल्या, आणि फळ्यावर खऱ्या व्याख्या लिहायला वळल्या.

किसुमूच्या रक्तपेढीत पंखा एक, आम्ही चौदा.
खिडकीतून सरोवराचा वास,
पत्र्यांवर वाळत घातलेल्या ओमेनाचा वास,
आणि कोपऱ्यात शीतपेटीची घरघर.
आत ओ पॉझिटिव्हच्या सहा पिशव्या,
बी च्या तीन,
ओ निगेटिव्हच्या कप्प्यात नुसती चिठ्ठी.

सरावाला रक्त आपापलंच.
वेकेसाने माझी शीर दोनदा चुकवली.
जांभळ्या टोपणाची नळी. पेशी
मिठाच्या पाण्यात तीनदा धुतल्या.
अँटी-ए निळं, अँटी-बी पिवळं,
सेंट्रिफ्यूज, थांब,
मग नळी तिरकी धरून
तळाची तांबडी टिकली हलवायची.
"भांडण सोडवल्यासारखी नाही,
झोपलेलं मूल कुशीवर वळवल्यासारखी."

बी च्या नळीत सगळं सैल, धुरासारखं.
ए च्या नळीत
चार-दोन गुठळ्या
आणि त्यांच्याभोवती मोकळ्या पेशींची गर्दी,
जिला काही ऐकूच आलं नव्हतं.

मी वहीत लिहिलं: चूक.
नळी बदलली, पिपेट बदलली,
रीएजंटच्या बाटलीवरची तारीख पाहिली.
वेकेसा म्हणाला, धुण्यात कमी पडलीस.
पुन्हा तेच.
उलट तपासणीत तर आणखी विचित्र.
ओ रक्तात अँटी-ए असायलाच हवं,
पुस्तकात ठसठशीत छापलंय.
माझ्यात नव्हतं.
ए च्या पेशी टाकल्या
आणि माझ्या राखणदारांनी
मान वर करूनसुद्धा बघितलं नाही.

बाईंनी चष्मा कपाळावर नेला,
नळी उजेडात धरली. बराच वेळ.
"कधी रक्त चढवलंय?"
नाही.
"कुणाची अस्थिमज्जा?"
नाही.
"याला मिश्र क्षेत्र म्हणतात. लिहून घ्या."
तेरा पेनं वाकली.
मग माझ्या फॉर्मवरचं नाव त्यांनी
पहिल्यांदाच वाचल्यासारखं वाचलं.
आडोंगो.

आमच्यात जुळ्या मुलींची नावं शोधावी लागत नाहीत.
आधी येते ती आपियो.
मागून येते ती आडोंगो.
आपियो नऊ दिवस होती.
तिच्याबद्दल घरी कुणी बोलत नाही,
पण मला हाक मारली
की तिची हाक न मारता मारली जाते.
दोन म्हटलं की एक आलाच.

बाई हळू बोलल्या, पण वर्ग होताच.
पोटात असताना दोघींच्या वारेतल्या शिरा
एकमेकींत मिसळल्या असतील.
तिच्या मूळपेशी तुझ्या मज्जेत उतरल्या,
आणि शरीराला आपलं-परकं कळायच्या आधीच
घरच्या झाल्या.
"शब्द लिही. सहिष्णुता."
मग लगेच, नेहमीच्या आवाजात:
"खात्री नाही. नमुना नैरोबीला पाठवू.
रक्तगटाच्या रकान्यात तोवर
पेन्सिलने लिही."

पाच वाजता नळ्या लाल पिशवीत जातात,
नियम आहे. माझीही गेली.
शाईचे डाग धुतले, एप्रन खुंटीला लावला,
बाहेर बोडावाले गिऱ्हाइकांवरून भांडत होते.

रात्री आईचा फोन.
जेवलीस का?
मी म्हटलं, हो.
मग, का कोण जाणे, म्हटलं, जेवलो आम्ही.
पलीकडे थोडा वेळ नुसता रेडिओ.
"कोण कोण?" आईने विचारलं.
मी म्हटलं, घरी आले की सांगते.