हळदीचे हात

मार्चअखेर. सेनगावचं तालुका आरोग्य कार्यालय.
मी अकरा महिन्यांच्या आदेशावरचा,
आकडे भरणारा.
बोरखडी : गरोदर बाया एकोणचाळीस,
पहिल्या बारा आठवड्यांत नोंद, चौतीस.
सत्त्याऐंशी टक्के.
पंच्याऐंशीच्या वर हिरवा रंग द्यायचा असतो.
दिला.

सगळे गेल्यावर तीच यादी वस्तीनिहाय फोडली,
भाकर मोडून बघावी तशी,
आतून कच्ची राहिली का.
गावठाण : बत्तीसपैकी बत्तीस.
तांडा : सातपैकी दोन.
रक्ताच्या रकान्यात तांड्यापुढं काहीच नव्हतं.
संगणक विचारत होता, रिकाम्या जागी शून्य घेऊ का?
नको, म्हणालो मी, एकटाच, मोठ्यानं.
शून्य म्हणजे कुणीतरी जाऊन आलं.
इथं तर कुणी गेलंच नव्हतं.

धुरपताबाई आडेंच्या वहीत टक्के नाहीत.
कुणाची पाळी चुकली, कोण माहेरी गेली,
कुठल्या दोन घरांत बोलणं नाही,
म्हणून आधी कुठलं दार वाजवायचं.
"सिस्टरची गाडी येती अकराला.
अकराला तांड्यावर कोण ऱ्हातं?
म्हातारे अन् शेरडं.
बाया फटफटायच्या आधी हळदीत.
दिवस मावळल्यावर या."

नसरीन सिस्टर आल्या. साडेसातला.
हळद शिजवायच्या कढईजवळ,
पेटत्या पळकाट्यांच्या उजेडात
बाया रांगेत बसल्या, हात पुढं करून.
सगळ्यांचे हात पिवळे, नखं पिवळी.
हळदीनं की रक्तावाचून,
नखावरून कळणार कसं?
सिस्टर एकेकीची पापणी खाली ओढत गेल्या.
सात नव्हत्या, नऊ होत्या.
दोघी कुठल्याच यादीत नव्हत्या.
सोनकी राठोड, एकोणीस वर्षं, सातवा महिना :
सहा पॉइंट एक.
तिचा नवरा जाळ सोडून उठला,
हळदीची पोती उतरवून पिकअप रिकामा केला,
रातोरात हिंगोली.

पुढच्या महिन्यात बोरखडी :
एकेचाळीसपैकी चौतीस. त्र्याऐंशी.
रकाना आपोआप पिवळा झाला.
साहेब म्हणाले, "अरे, काम घसरलं की."
मी म्हणालो, "दोघी सापडल्या, सर."
त्यांनी चष्मा काढला, पुसला,
वस्तीनिहाय यादी मागितली,
मग बाकीच्या गावांचीही.
दोन तांड्यांना आता संध्याकाळची गाडी आहे.
तिसऱ्याला डिझेल मंजूर व्हायचंय.

त्या रात्रीचं एक राहिलं.
सामान भरताना धुरपताबाई थांबल्या,
स्वतःची पापणी स्वतःच ओढून म्हणाल्या,
"माझं बी बघा की एकदा."
आठ पॉइंट चार.
नमुन्यात आशाताईसाठी ओळ नाही.
मी खाली एक वाढवलीय.
ती वर कुठंच जात नाही, बेरजेत धरत नाहीत.
दर महिन्याला भरतो.
परवा नऊ पॉइंट दोन.